जसं बोललं तसं

वाहिनीच्या तिसऱ्या मजल्यावर, स्टुडिओच्या काचेमागे एक खोली आहे. खोली आपली म्हणायची. एक टेबल, एक खुर्ची, एक संगणक, आणि टेबलफॅन आत आणायचा तर माणसाला बाहेर काढावं लागेल एवढीच जागा. तिथे पट्टीताई बसते. स्टुडिओत जे बोललं जातं ते हेडफोनमधून ऐकायचं आणि तीन सेकंदांच्या आत टाइप करून टीव्हीच्या तळाशी पट्टीत सोडायचं, म्हणजे ज्यांना ऐकू येत नाही त्यांना वाचता येतं, ही तिची नोकरी. एकोणीस वर्षं ती हेच करते आहे. तिचं खरं नाव पगारपत्रकात असेल; बाकी सगळ्या इमारतीला ती पट्टीताई म्हणूनच ठाऊक.

ऐकू न येणाऱ्यांपैकी एक जण तिच्याच घरात होता. तिचा दादा एकतिसाव्या वर्षी तापाने फणफणला, बारा दिवस शुद्धीवर नव्हता, आणि उठला तो ठार बहिरा होऊन उठला. बोलणं शाबूत राहिलं. उलट आवाज वाढला, कारण आपला आपल्याला ऐकू येत नाही. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं त्याचं काम, त्याला कान लागत नव्हते, ते चालू राहिलं. घरात स्वयंपाकघराच्या टेबलावर एक पांढरी पाटी आली आणि तिला दोरीने बांधलेलं एक पेन. दादा बोलायचा, बहीण लिहायची.

तेव्हा त्याने एकच अट घातली होती. "धाकटे, जसं बोललं तसं लिही. माझी कीव करून काही गाळू नकोस, काही गोड करू नकोस. कुणी शिवी दिली तर शिवी लिही." तिने लिहिल्या. शेजारचे काका एकदा "त्या बहिऱ्याला काय कळतंय" म्हणाले, तेसुद्धा तिने इमानेइतबारे पाटीवर उतरवलं, आणि दादाने काकांचा चष्मा महिनाभर आज देतो उद्या देतो करत रखडवला. दोघांनीही लग्न केलं नाही. त्याची कारणं वेगवेगळी आणि लांबलचक आहेत, ती इथे नकोत.

आई गेली तेव्हा दवाखान्यात आत एकालाच सोडत होते. धाकटी आत होती, दादा बाहेर बाकावर. बाहेर येऊन तिने औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहून दिलं होतं: 'शांत गेली. काही बोलली नाही.' ती चिठ्ठी घडी करून दादाने चष्म्याच्या डबीत ठेवली. त्याला अकरा वर्षं झाली.

तर अशा या बहिणीच्या नोकरीत एक यादी आली.

त्या दूरच्या लढाईच्या बातम्या सुरू झाल्या आणि वाहिनीवर रोज संध्याकाळी सहाला चर्चा बसायला लागली. इस्रायल आणि पॅलेस्टाइन. कोण बरोबर, कोण चूक, हे ठरवायला इथे बसलेल्या चार माणसांना पन्नास मिनिटं दिलेली असत, मध्ये जाहिराती. पहिल्या आठवड्यातच फोन खणखणू लागले. एक म्हणे, आमची माणसं 'मेली' आणि त्यांची 'ठार मारली गेली', हे कसं? दुसऱ्याची तक्रार अगदी तीच, फक्त उलट बाजूने. एक बाजू म्हणे तो शब्द वापरलात तर तुम्ही विकले गेलात; दुसरी म्हणे तो शब्द गाळलात तर तुम्ही विकले गेलात. संपादकसाहेबांनी काही दिवस प्रत्येकाला उत्तरं दिली. मग त्यांचा रक्तदाब वाढला आणि त्यांनी यादी काढली.

यादी दोन रकान्यांची होती. डावीकडे न वापरायचे शब्द, उजवीकडे त्याऐवजी वापरायचे. मारलं: मृत्यू आला. बॉम्ब टाकला: कारवाई झाली. पळवून नेलं: ताब्यात घेतलं. कत्तल: दुर्दैवी घटना. उपासमार: अन्नाचा तुटवडा. दोन्ही बाजूंना सारखंच, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. साहेबांना ती फार न्यायाची वाटली. स्टुडिओत येणाऱ्यांच्या तोंडाला हात लावता येत नव्हता, पण पट्टी वाहिनीची होती. पट्टीचे फोटो काढून लोक साहेबांनाच पाठवत होते.

पट्टीताईने यादी वाचली आणि तिला दादाची अट आठवली. पण ती काही करायच्या आधीच मास्तरांवर बेतलं. मास्तर म्हणजे सकाळच्या बातम्या लिहिणारे, पायजम्यावर कोट घालून येणारे, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारे. त्यांनी एका सकाळी यादीच्या डाव्या रकान्यातला एक शब्द जाऊ दिला. कुठला, हे आता कुणी मोठ्याने बोलत नाही. दुपारपर्यंत त्यांचा फोटो आणि फोननंबर सगळीकडे फिरला. संध्याकाळी वाहिनीच्या फाटकाशी गर्दी जमली आणि मजा म्हणजे गर्दीत दोन्ही बाजूंची माणसं होती. मास्तरांच्या बायकोने मुलीला घेऊन नातेवाइकांकडे जायचं ठरवलं, आणि मास्तरांना वाहिनीने घरी जायला सांगितलं. त्यांच्या टेबलावरचा पाण्याचा तांब्या अजून तिथेच होता. तो उचलायलाही कुणी धजत नव्हतं.

म्हणून पट्टीताईने एक युक्ती केली. ही युक्ती तिच्या धंद्यातल्या माणसालाच सुचावी. पट्टी लिहिणारे वेगासाठी संगणकात शब्दसंग्रह भरून ठेवतात. दोन अक्षरं टाइप केली की यंत्र अख्खं वाक्य टाकतं. तिने त्यात यादी भरली. आता ती 'मारलं' टाइप करी आणि पडद्यावर 'मृत्यू आला' उमटे. तिची बोटं जसं बोललं तसंच लिहीत होती, बदलायचं काम यंत्र करत होतं. सगळं पाप यंत्राच्या माथी मारून ती मोकळी झाली, आणि मोकळी झाले असं स्वतःला दिवसातून दहा वेळा सांगू लागली. जे खरंच मोकळं असतं त्याला इतक्या वेळा सांगावं लागत नाही.

भीती काही गेली नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्याने तिला सांगितलं, "ताई, ओळखपत्र गळ्यात घालून बाहेर पडू नका. पर्समध्ये टाका." एकदा खोलीतला फोन वाजला. तिने उचलला. पलीकडून एका माणसाने अगदी सभ्य आवाजात विचारलं, "पट्टी कोण लिहितं, तुम्हीच का?" तिने रिसीव्हर ठेवला आणि पुढचा तासभर तिचे पंजे गार होते. घरी आल्यावर ती कडी लावी, परत जाऊन बघे, आणि भाजी चिरता चिरता तिसऱ्यांदा उठे.

"कोणी यायचंय का?" दादा विचारी.

"नाही," ती पाटीवर लिही.

दादा संध्याकाळची चर्चा न चुकता बघायचा. धाकटीने लिहिलेली पट्टी म्हणून बघायचा. विषय कुठलाही असो. मंगळवारी चर्चेत एका डॉक्टरला फोनवर घेतलं होतं. हाडांचे डॉक्टर, याच शहरात बरीच वर्षं दवाखाना असलेले, मूळचे गाझातले. ते रडले नाहीत. एवढंच म्हणाले की माझ्या बहिणीला मारलं, तिच्या घरावर बॉम्ब टाकला. पट्टीताईने डोळे न मिटता सगळं टाइप केलं.

रात्रीचं जेवण वाढताना दादाने विचारलं, "त्या डॉक्टरची बहीण आजारी होती का गं?"

तिचा हात भातावर थांबला.

"नाही," दादाच पुढे म्हणाला, "तिला मृत्यू आला म्हणे. आणि त्याच आठवड्यात घरावर कारवाई झाली. अनधिकृत बांधकाम असणार. नशीब असतं एकेकाचं, एका पाठोपाठ एक." दादाने मान हलवली. "पण मला कौतुक वाटतं. एवढी लढाई चाललीय म्हणतात आणि ही माणसं किती सबुरीने बोलतात. आपल्या सोसायटीच्या मीटिंगला याहून जास्त डोकी फुटतात."

पाटी समोरच होती. पेन दोरीला लटकत होतं. मंगळवारी, त्या टेबलाशी, यंत्र नव्हतं, साहेब नव्हते, फाटकही नव्हतं. तिने पेन उचललं आणि लिहिलं: 'हो. बरेच दिवस आजारी होती.'

आता हे तिने का केलं? खरं सांगायचं तर एक गोष्ट सांगितली की दुसरी सांगावी लागली असती, यादी, युक्ती, गेल्या चार महिन्यांची प्रत्येक संध्याकाळ. त्याच्याकडे बाहेरच्या जगाचा एकच दरवाजा होता आणि तो तिच्या बोटांतून जात होता. तो दरवाजा खोटा निघाला हे त्याला कळण्याची तिला मास्तरांसाठी फाटकाशी जमलेल्या गर्दीहून जास्त भीती वाटली. नोकरी गेली तर दुसरी मिळेल न मिळेल. दादाचा विश्वास गेला तर तो कुठून आणणार?

शुक्रवारच्या चर्चेचा विषय सूत्रसंचालकाने स्वतः काढला होता. मोठ्या अक्षरांत पडद्यावर लिहिलं होतं: 'या संघर्षावर बोलताना शब्द कोणते वापरावेत?' फोनवरच्या डॉक्टरांना या वेळी स्टुडिओत बोलावलं होतं. समोर एक संगीतशिक्षिका होत्या, शाळेत पेटी आणि व्हायोलिन शिकवणाऱ्या, इस्रायलमधून लग्न होऊन इथे आलेल्या. त्यांच्या भाच्याला हत्यारबंद माणसांनी घरातून पळवून नेलं होतं आणि मागच्या महिन्यात त्याचं प्रेत परत आलं होतं. दोघांना एका टेबलाशी बसवायची कल्पना निर्मातीची. निर्माती शेजारच्या नियंत्रणकक्षात बसायची आणि तिचा आवाज ताईच्या डाव्या कानात यायचा.

त्या दिवशी आणखी एक झालं. एरवी स्टुडिओतला मोठा पडदा पाहुण्यांच्या पाठीमागे असतो. प्रकाशयोजनेवाल्याने टेबल फिरवलं, दिवे नीट पडत नाहीत म्हणून. त्यामुळे पडदा पाहुण्यांच्या अगदी समोर आला, पट्टीसकट. पट्टीताईला काचेतून ते दिसलं. तिच्या मनात पाल चुकचुकली. ती निर्मातीला म्हणाली, "टेबल आधी होतं तसं करता येईल का?"

"ताई, दोन मिनिटं राहिलीत. गप बसा."

पहिली दहा मिनिटं जशी जायची तशी गेली. डॉक्टर म्हणाले अमुक शब्द म्हणा. बाई म्हणाल्या, तो म्हणायचा तर आधी तमुक म्हणा, सुरुवात तिथून झाली. डॉक्टर म्हणाले सुरुवात त्याच्याही आधी झाली. दोघंही एकमेकांच्या शब्दाला हात लावू देत नव्हते. सूत्रसंचालक मधूनमधून "आपण संयम बाळगू या" म्हणत होता आणि त्याच्या कपाळावरचा घाम टिपायला एक बाई जाहिरातीची वाट पाहत होती.

मग डॉक्टर म्हणाले, "मला मोठे शब्द नकोतच. मी साधं सांगतो. माझ्या बहिणीला मारलं. तिच्या घरावर बॉम्ब टाकला." आणि बोलता बोलता त्यांची नजर समोर गेली.

पडद्यावर लिहिलं होतं: माझ्या बहिणीला मृत्यू आला. तिच्या घरावर कारवाई झाली.

डॉक्टर थांबले. त्यांनी खिशातून चष्मा काढला, लावला, आणि परत वाचलं. "हे काय आहे?" ते म्हणाले. "मी म्हणालो 'मारलं'. इथे 'मृत्यू आला' लिहिलंय."

पट्टीताईच्या बोटांनी सवयीने तेही टाइप केलं. यंत्राने त्याचं काम केलं. पडद्यावर उमटलं: मी म्हणालो 'मृत्यू आला'. इथे 'मृत्यू आला' लिहिलंय.

स्टुडिओत कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. ताईने बोटं उचलून मांडीवर ठेवली. पट्टी तशीच राहिली, तेच मूर्ख वाक्य, लाखभर घरांत. त्यांतल्या एका घरात दादा पुढे सरकून, भुवया उंचावून ते वाचत असणार, हे तिला दिसत होतं.

संगीतशिक्षिका पडद्याकडे बघत होत्या. "माझ्या भाच्याचं काय लिहिता बघू," त्या म्हणाल्या, आणि एकेक शब्द सुटा केला. "त्याला पळवून नेलं. हाल केले. मग मारलं."

बोटं आपोआप चालली. पडदा म्हणाला: त्याला ताब्यात घेतलं. हाल केले. मग मृत्यू आला.

बाईंचा चेहरा पडला. "म्हणजे माझंही," त्या म्हणाल्या. त्या क्षणापर्यंत दोघांनी एकमेकांकडे धड बघितलं नव्हतं. आताही बघितलं नाही. दोघांनी बघितलं ते काचेकडे. स्टुडिओतून काचेमागचं काही दिसत नाही, फक्त आपलंच प्रतिबिंब दिसतं. तरी पट्टीताई खुर्चीत मागे सरकली.

"आत कोण आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

डाव्या कानात निर्माती कुजबुजली, "ताई, यादी बंद करायची नाही. ऐकताय ना? साहेब माझ्या शेजारी उभे आहेत. काही टाइपच करू नका. बिघाड झाला म्हणून सांगू."

उजव्या कानात डॉक्टर म्हणत होते, "जो कोणी असाल, मी भांडायला आलो नाही. मला फक्त ती कशी गेली ते लिहून हवंय."

तिला मास्तरांचा तांब्या आठवला, त्या माणसाचा सभ्य आवाज आठवला, 'तुम्हीच का?' आणि मग 'आजारी होती का गं?' आठवलं. कोपऱ्यातलं बटण, शब्दसंग्रह चालू-बंद करायचं, तिच्या करंगळीपासून एका बोटाच्या अंतरावर होतं. ती काही शूर बाई नव्हती. झुरळ दिसलं तर दादाला उठवणारी होती. पण बटण दाबलं तिनेच. दाबल्यावर आपण काय केलं हे कळून तिच्या तोंडून "आई गं" निघालं.

शब्दसंग्रहाविना वेग निम्म्यावर येतो. तिने अक्षर अक्षर लिहिलं, वेलांट्या चुकल्या. माझ्या बहिणिला मारलं. तिच्या घरावर बॉम्ब टाकला.

डॉक्टरांनी वाचलं. मग ते हळू झाले. शाळेत शुद्धलेखन सांगतात तसं, एक वाक्य बोलायचं, पट्टी पूर्ण व्हायची वाट बघायची, मग पुढचं. बाईंनीही तेच केलं. त्यांचं पटलं वगैरे काही नाही. बाई म्हणाल्या, "तुमच्या बहिणीचं मी ऐकलं, पण माझ्या भाच्याला पळवणाऱ्यांना तुम्ही काय म्हणता ते आधी सांगा," आणि डॉक्टर म्हणाले, "सांगतो, पण मग बॉम्ब टाकणाऱ्यांना तुम्ही काय म्हणता तेही सांगा," आणि ते दोघं तिथेच अडले, आणि अडूनच राहिले. फक्त या वेळी दोघांचे शब्द त्यांचे त्यांना दिसत होते. सहा मिनिटं हे चाललं. मग साहेबांनी जाहिराती लावल्या त्या चर्चेची वेळ संपेपर्यंत.

निर्माती खोलीच्या दारात आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "पट्टीताई, उद्या येऊ नका. फोन केला तर या."

फाटकावर पहारेकऱ्याने ओळखपत्र मागून घेतलं, साहेबांचा निरोप आला होता म्हणून. "जपून जा, ताई," तो म्हणाला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघून मगच फाटक उघडलं. बसथांब्यावर एक तरुण मोबाइलवर काहीतरी बघत होता आणि मधूनच तिच्याकडे. कदाचित बस बघत असेल. ती थांबली नाही. मागच्या गल्लीतून, पिठाच्या गिरणीवरून, पर्स छातीशी धरून ती चालत सुटली. मागे पावलं वाजली की ती दुकानाच्या उजेडात उभी राही आणि पावलं पुढे गेली की निघे. पाऊण तास लागला. या सगळ्यात एकच गोष्ट तिला धीर देत होती, की घरी दादा आहे आणि आज त्याने खरं वाचलं आहे.

घरात टीव्ही बंद होता. दादा स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसला होता. पाटी पुसून स्वच्छ केलेली होती.

"ती आजारी नव्हती," दादा म्हणाला.

एरवी त्याचा आवाज दोन मजले खाली जायचा. आज तिला पुढे वाकून ऐकावं लागलं.

तिने मान हलवली. नाही.

"घरही अनधिकृत नव्हतं."

नाही.

तिने पेन घेतलं आणि भराभर लिहायला लागली. यादी. मास्तर. फाटक. फोनवरचा माणूस. शब्दसंग्रह. पाटी भरली, तिने हाताने पुसली, परत भरली. आज मी बटण दाबलं. नोकरी गेली. मी घाबरले होते. दादाने सगळं वाचलं, एकही ओळ न गाळता.

"टीव्हीवरचं मला कळतंय," तो म्हणाला. "तिथे साहेब आहेत, माणसं आहेत, पोट आहे. तिथे मीही घाबरलो असतो. पण 'बरेच दिवस आजारी होती' हे तू इथे लिहिलंस. या टेबलावर. इथे कोणाला भ्यालीस?"

दादाने खिशातून चष्म्याची डबी काढली. उघडली. घडी पडून पडून चौकडीच्या रेघा उमटलेली औषधाची चिठ्ठी त्याने टेबलावर पसरली आणि तिच्याकडे सरकवली. 'शांत गेली. काही बोलली नाही.'

"हे यादीच्या आधीचं आहे," तो म्हणाला. "हे तरी जसं बोललं तसं आहे ना?"

काचेमागे बसून तिला भीती वाटली होती, गल्लीतून येताना वाटली होती, पण सगळ्यांत जास्त वाटली ती आता. नुसती मान हलवायची होती. एकदा, हो म्हणून. तेवढ्याला यंत्र लागत नव्हतं. दादाने ती चिठ्ठी परत घडी करून डबीत ठेवली असती आणि उरलेलं आयुष्य ती तिथेच राहिली असती.

आई गेली ती दुपारची वेळ होती. पडदे पिवळे. शेवटचा पाऊण तास आईला भान नव्हतं, म्हणजे अर्धं होतं, अर्धं नव्हतं. लेकाला बहिरेपण आलंय हे ती विसरून गेली होती. तिने धाकटीचं मनगट धरून ठेवलं होतं आणि दाराकडे बघून दादाला त्याच्या लहानपणच्या नावाने बोलावत होती. आधी हळू, मग ओरडून. दाराबाहेर बाकावर तो बसला होता, भिंतीला डोकं टेकून. दहा पावलंही नव्हती. धाकटीला मनगट सोडवून जाता आलं असतं. आता जाते, आता जाते, म्हणत ती राहिली, कारण सोडवलं आणि तेवढ्यात आई गेली तर, ही भीती. मग आई गेलीच.

तिने पेन धरलं. पाटीवर पहिलं अक्षर उमटायलाच वेळ लागला.

'नाही,' तिने लिहिलं. खाली लिहिलं: 'तिने तुला हाक मारली. खूप वेळा.'

दादाने वाचलं. तो पाटीकडे बघत राहिला, अक्षरं पुसट असल्यासारखा डोळे बारीक करून.

"मी तर दाराबाहेरच होतो," तो म्हणाला.

'हो.'

त्याने चिठ्ठी उचलली नाही. पेन टेबलावरून घरंगळून दोरीला लोंबकळत होतं, ते त्याने वर घेतलं आणि तिच्या हातात दिलं. त्याचाही हात गार होता.

"काय म्हणाली ते लिही," तो म्हणाला. "जसं बोलली तसं."

तिने पाटी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुसली, आणि अक्षर अक्षर, न थांबता, आईचं बोलणं उतरवलं.

'तो दाराशीच आहे ना? मग ओ का देत नाही?'